ऐन नर्जिसची शिरगणती

माझ्या नवऱ्याला, नखलेला, हिवाळ्यात पावाच्या गाडीतून इस्पितळात न्यावं लागलं. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्या सकाळी नखलेच्या छातीत कळ आली तेव्हा आमच्या ऐन नर्जिसमध्ये मोटारींना तोटा नव्हता. प्रत्येक बंगल्यासमोर एखाद-दोन उभ्याच होत्या, बहुतेक जर्मन. पण सगळ्या झुली पांघरून, आणि किल्ल्या मालकांबरोबर आबिजानला नाहीतर साओ पावलोला. बर्फातून डोंगर उतरायला तयार असं एकच वाहन होतं, अबू सलीम पाववाल्याचं. मागच्या परड्या थोड्या सरकवून त्यानं नखलेला रोट्यांच्या चळतींवर आडवा घातला. मी पुढे बसले. इस्पितळ येईपर्यंत अबू सलीमनं वाटेत तीनदा गाडी थांबवून दुकानांत माल उतरवला.

"अबू सलीम, माणूस मरतोय मागे."

"दिसतंय मला, सित्त नुहाद. पण पाव गार झाला की तोही मेल्यातच जमा."

इस्पितळाच्या दारात जाडजूड परिचारिकेनं मागचा पडदा वर केला, वाफेकडे पाहिलं, नखलेकडे पाहिलं आणि विचारलं, "हा पेशंट की ऑर्डर?"

नखले वाचला. रक्तवाहिनीत एक जाळी बसवून घरी आला. पण तोवर गावानं त्याचं बारसं करून टाकलं होतं. आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं अबू अमका म्हणतात आणि त्याच्या बायकोला उम्म अमका, म्हणजे अमक्याची आई. आम्हाला मूल नाही. त्यामुळे ती जागा इतकी वर्षं रिकामीच होती, ती आता भरली: अबू रघीफ, म्हणजे रोटीचा बाप. टपाल खात्यातून मानानं निवृत्त झालेला माणूस. त्याला रस्त्यात पोरंटोरं विचारू लागली की आज भाजला कसा. तो दोन आठवडे घराबाहेर पडला नाही. मला म्हणाला, "नुहाद, पुढच्या वेळी मला घरातच मरू दे."

हे मी कोणापाशी बोलले नाही. पण त्याच सुमारास नगरपालिकेचे अध्यक्ष, रईस तान्यूस, स्वतः आमच्या दारात उभे राहिले.

"सित्त नुहाद, शहराला तुमची गरज आहे."

ऐन नर्जिसला गाव म्हटलेलं रईसना चालत नाही. फ्रान्समधल्या एका नगराशी त्यांनी पत्रापत्री करून आमची सोयरीक जुळवली होती. ते नगर आपली जुनी पण चालती रुग्णवाहिका आम्हाला द्यायला तयार होतं. अट एकच: इथे हिवाळ्यात मुक्कामाला हजार माणसं असली पाहिजेत आणि ती कोण, कुठली, केवढ्या वयाची, याचं रीतसर चित्र पाठवलं पाहिजे.

"मग मोजा की," मी म्हटलं.

रईसनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चर्चमध्ये विडी ओढायला सांगितलं.

त्यांचंही बरोबर होतं. आमच्यात दोन आळ्या. वरची मारोनी, खालची ऑर्थोडॉक्स. येशू एकच, घंटा दोन. नगरपालिकेत सहा वरचे, सहा खालचे. रस्ता एक असला तरी वाहतूक पोलीस दोन आहेत. मोटारी नसल्या की ते एकमेकांना हात करून थांबवतात. आपली आळी जास्त भरते याबद्दल दोन्ही आळ्यांना मनातून खात्री आहे आणि ती खात्री शाबूत ठेवायचा एकच मार्ग आहे, कधीही न मोजणं. साऱ्या देशाचंच हे शहाणपण आहे. देशातली शेवटची मोजणी माझ्या सासऱ्यांच्या जन्माआधी झाली.

"मीच का?" मी विचारलं.

"तुमचं माहेर वरचं, सासर खालचं. दोन्हीकडे तुमच्यावर सारखाच अविश्वास आहे," रईस म्हणाले. "शिवाय अक्षर चांगलं आहे."

पडद्याआडून नखले ऐकत होता. तो नुसता खोकला. खरीखुरी रुग्णवाहिका, पांढरी, भोंग्यासकट. मी हो म्हटलं.

आधी मी तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेले. वीज नव्हती. कारकून खिडकीच्या उजेडात काकडी सोलत होता.

"ऐन नर्जिस? नऊ हजारांवर आहात तुम्ही," तो वहीत न बघताच म्हणाला.

"एवढे कुठून आले? माझ्या चुलत पणजोबांचं नाव आहे का त्यात?"

त्यानं पान काढलं. होतं. एकशे एकतीस वर्षांचे, अविवाहित, प्रकृतीबद्दल तक्रार नाही.

"अहो, ते गेले. मी त्यांच्या थडग्यावर फुलं वाहते."

"वाहा की. पण मेल्याची नोंद केली तर ऑलिव्हच्या बागेची वाटणी होणार, वाटणी झाली की भाऊबंदकी. जिवंत आहेत तोवर सगळे गोडीत आहेत. आणि गेल्या निवडणुकीत त्यांनी मत दिलंय. मत देणाऱ्याला मी मेलेला कसा म्हणू?" त्यानं काकडीची एक फोड माझ्यापुढे केली. "तुम्हाला कुठला आकडा हवा ते सांगा, मी शिक्का मारतो."

शेवटी दारोदार फिरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ही बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. आमचा शेजारी जनरेटरवाला म्हणाला, दारं कशाला ठोठावता, माझ्याकडून वीज घेणारे मोजा. मोजले, तर त्यातली बरीचशी कनेक्शनं पोहण्याच्या तलावांची निघाली. माणसं उबदार देशात गेलेली, आणि पाणी इथे ऊब घेत पडलेलं. अबू सलीम म्हणाला, रोट्या मोजा. नखले म्हणाला, या घरात रोटीचं नाव काढायचं नाही.

पहिलं दार मी उम्म रबीअचं ठोठावलं. ती आमची शेजारीण, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिघं मुलं परदेशात, नवरा वारलेला, घर दुमजली आणि त्यात लिफ्ट. लिफ्टचा उपयोग कांदे-बटाटे वर न्यायला होतो. दार तिच्या इथिओपियन कामवालीनं, त्सेहायनं उघडलं. तिनंच कॉफी आणली.

"घरात किती माणसं, उम्म रबीअ?"

"आठ."

मी इकडेतिकडे पाहिलं.

"रबीअ आणि त्याची बायको," ती बोटं मोजू लागली.

"ते मॉन्ट्रियलला ना?"

"म्हणून काय माझा मुलगा राहिला नाही तो? रबीअ, बायको, त्यांची दोन मुलं. माझ्या दोघी मुली. मी. आणि अबू रबीअ."

"अबू रबीअ..." मी भिंतीवरच्या काळी पट्टी लावलेल्या फोटोकडे बघितलं.

"त्याची खोली मी कोणाला दिली नाही अजून," ती म्हणाली. "तू इथे नसलेल्यांना खोडत निघालीस तर माझ्या घरात उरेल कोण?"

त्सेहाय रिकामा कप घेऊन गेली.

हेच प्रत्येक घरात. कोणी नातवंडं मोजली, कोणी अजून न जन्मलेलं नातवंड मोजलं. एका बाईंनी साओ पावलोतला जावई लिहायला लावला आणि दुसऱ्या दिवशी तो खोडायला बोलावलं, कारण रात्री फोनवर भांडण झालं होतं. आणि प्रत्येक घरात कॉफी. आमच्याकडे कॉफी नाकारणं म्हणजे त्या घरावर थुंकणं. वरच्या आळीत घेतली आणि खालच्या आळीत नाकारली असती, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही घंटा वाजल्या असत्या. मी नाकारली नाही. कधी वेलदोड्याची, कधी डांबरासारखी, सगळी पीत गेले. चौथ्या दिवशी एका बंगल्याच्या पायऱ्यांवर माझं काळीज असं धडधडू लागलं की मी कठडा धरून बसले. थोड्या वेळानं ओळखीचा हॉर्न ऐकू आला.

या खेपेला मागे काअक होते, तीळ लावलेले गोल पाव. उबदार होतं, खोटं कशाला बोलू.

"कॉफी किती घेतलीत?" डॉक्टरनं विचारलं.

"मोजली नाही."

"तुम्ही मोजणी करत होतात ना?"

जाडजूड परिचारिकेनं माझ्या केसांतले तीळ काढले. बोलली काही नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी घरी आले तेव्हा नखलेनं दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "ये, उम्म रघीफ." दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला. मी चप्पल फेकली, पण नेम चुकवून.

खऱ्या राहणाऱ्यांची मी बेरीज केली तर वरचे दोनशेच्या आसपास, खालचेही तेवढेच. कोण चार-दोन जास्त ते मी मेले तरी सांगणार नाही. हजाराला चारशे. रईसनी कपाळाला हात लावला. त्यातच त्या फ्रेंच नगराच्या बाई, मादाम रूव्हिए, स्वतः बघायला आल्या. रईसनी त्यांना थेट उम्म रबीअच्या दिवाणखान्यात बसवलं, कारण सबंध शहरात तो एकच गरम होता. त्सेहायनं कॉफी आणली. रईस नऊ हजारांचा पोवाडा गाऊ लागले.

"मला आकडा साधा हवा आहे," मादाम म्हणाल्या. आमच्यातले बरेचजण फ्रेंच बोलतात, त्यामुळे कोणालाही न समजल्याचं सोंग करता आलं नाही. "आज रात्री या शहरात झोपणार कोण?" मग त्यांनी कप घेता घेता वर पाहिलं. "आणि या बाई?"

"ही?" उम्म रबीअ म्हणाली. "ही कोणी नाही. ही त्सेहाय."

"या इथेच झोपतात?"

त्सेहाय साखरेचं भांडं हातात धरून उभी होती. साखर किती, हे कोणीच सांगेना.

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या दारांनी फिरू लागले. बंगल्यांच्या मागे खोल्या असतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण माहीत असणं आणि मोजणं वेगळं. रिकाम्या बंगल्यात दिवे लावणाऱ्या, म्हाताऱ्या सांभाळणाऱ्या, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या इथिओपियन आणि फिलिपिनो बाया. फाटकांवरचे सीरियन पहारेकरी, त्यांच्या बायका, त्यांची दप्तरं पाठीला लावलेली मुलं. त्सेहायच्या खोलीत रविवारी सगळ्या जमल्या होत्या. तिनं ऊद जाळला, माझ्यादेखत बिया भाजल्या, कुटल्या.

"कॉफी मला बंद आहे," मी घाईनं म्हटलं.

"आमच्यात तीन कप घ्यावे लागतात, मादाम," त्सेहाय म्हणाली. "तिसरा आशीर्वादाचा. नाही घेतला तर मी तुम्हाला आशीर्वाद द्यायला मोकळी नाही."

मी कप हातात धरला.

"मोजणार म्हणजे काय करणार?"

"नाव लिहिणार."

"पासपोर्ट उम्म रबीअ मादामच्या कपाटात. आता नाव तुमच्या पिशवीत. माझ्यापाशी काय उरलं, चपला?" बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. "खिडकी पुसताना आमची अलमाझ पडली होती त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात. तिला न्यायला पावाची गाडीसुद्धा आली नाही. ती गाडी येणार आहे ना, भोंग्याची, ती आम्हाला नेईल?"

"नेईल," मी म्हटलं. रईसना न विचारता, आळ्यांना न विचारता म्हटलं. बहुधा तो दुसरा कप होता.

मग तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, तिच्या लिपीत. कुंपणावर बसलेल्या पाखरांसारखी अक्षरं. बाकीच्यांनीही तसंच केलं. मला त्यातलं काही वाचता येईना, म्हणून प्रत्येकीकडून नाव म्हणवून घेतलं आणि शेजारी आपल्या अक्षरात लिहिलं.

नगरपालिकेची सभा बंद दाराआड भरली. मी बेरीज वाचली. हजाराच्या वर तीस-एक माणसं भरत होती. रईसनी टेबलावर थाप मारली. मग खालच्या आळीचे म्होरके अबू जिर्जी यांनी चष्मा काढला.

"म्हणजे इथे सगळ्यांत जास्त कोण?"

दोन आळ्या पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींवर डोळा ठेवून होत्या, आणि तिसरीच आळी मागच्या दारानं दोघींच्या पुढे गेली होती.

"मोजलं की ते जागा मागतील," अबू जिर्जी म्हणाले.

"त्यांना मत नाही," रईस म्हणाले.

"मत मेलेल्यांनाही नाही. देतात की."

दोन तास चर्चा झाली. त्यांना खोडावं तर रुग्णवाहिका जाते, ठेवावं तर अब्रू. शेवटी एकमतानं ठरलं: फ्रान्सला पाठवण्यापुरते ते माणसं आहेत. गाडी मात्र नोंदणीकृत रहिवाशांसाठीच. वरचा चालक एक आठवडा, खालचा एक आठवडा.

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं.

"कोणाला?" अबू जिर्जींनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

गाडी आली. फीत कापली. कुठल्याच आळीला राग येऊ नये म्हणून ती आळ्यांच्या सीमेवर उभी केली, पुढची चाकं वरच्या आळीत, मागची खालच्या. पुढच्या काही आठवड्यांत तिचा उपयोग एवढाच झाला की रईस तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत. मी रस्त्यानं जाताना त्सेहाय गच्चीवरून विचारायची, "चालते का, मादाम?" मी म्हणायची, "चालते."

एका सकाळी उम्म रबीअनं कुंपणावरून हाक मारली. आवाजात राग होता, पण वरवरचा.

"नुहाद, ही त्सेहाय पोट धरून पडलीये. सोंग की काय कळेना. कॉफीसुद्धा मीच केली आज."

मी गेले. सोंग नव्हतं. त्सेहाय पांढरी पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन, अंगात ताप. मी धावत सीमेवर गेले. आठवडा खालच्या आळीचा होता. अबू जिर्जींचा पुतण्या गाडीत बसून गाणी ऐकत होता.

"नोंद आहे का तिची, खाला?"

"माझ्या यादीत आहे."

"ती फ्रान्सची यादी. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. काकांना विचारतो." त्यानं फोन लावला. काका अंघोळीला गेले होते.

मी वळले तर नखले मागे उभा. झग्यावर कोट, पायांत माझ्याच चपला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवला आणि अत्यंत व्यवस्थितपणे, आधी झगा सावरून, रस्त्यावर आडवा झाला.

"माझी नोंद आहे," तो आकाशाकडे बघत म्हणाला. "तेव्हा लवकर कर, पोरा."

पुतण्या पांढराफटक. त्यानं स्ट्रेचर ओढलं, नखलेला आत घातला, भोंगा सुरू केला. "एक बाई लागेल सोबत," नखले आतून कण्हला. "सांभाळायला. उम्म रबीअची ती कामवाली सवयीची आहे." गाडी उम्म रबीअच्या फाटकापाशी थांबली. त्सेहायला मी आणि उम्म रबीअनं धरून चढवलं. मी पुढे बसले, मागचं दार लागलं आणि पहिल्या वळणाच्या आत नखले उठून बसला. त्यानं त्सेहायला स्ट्रेचरवर निजवलं, स्वतःचा कोट तिच्यावर घातला आणि डोंगर उतरेपर्यंत तिचं डोकं धरून बसला. छातीवरचा दुसरा हात मात्र त्यानं काढला नाही. पुतण्या आरशातून बघत होता.

इस्पितळाच्या दारात तीच जाडजूड परिचारिका. तिनं दार उघडलं आणि नखलेला ओळखलं.

"आज पेशंट कोण?"

"ही," नखले म्हणाला. "मी ऑर्डर."

अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. संध्याकाळपर्यंत सगळं पार पडलं. तेवढ्यात अबू जिर्जींचा फोन आला.

"नखले कसा आहे?"

"बरा आहे. गॅस होता."

"गाडीत आणखी कोण होतं म्हणे?"

मी काचेतून आत पाहिलं. त्सेहाय झोपली होती. उशाशी तिच्या नावाची पाटी होती आणि खाली पत्ता: ऐन नर्जिस.

"कोणी नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उम्म रबीअ आली. डोक्याला रुमाल, हातात डबा. अबू सलीमच्या गाडीतून आली होती. पाठीवर पीठ होतं आणि तिला ते माहीत नव्हतं.

"नखलेसाठी सूप आणलंय," ती म्हणाली.

डब्याचं झाकण किलकिलं होतं. त्यातून लाल मिरचीचा ठसका आला. आमच्याकडे एवढं तिखट कोणी खात नाही. ती मिरची त्सेहाय आपल्या गावाहून मागवते आणि उम्म रबीअ तिला रोज बोलते की माझं स्वयंपाकघर पेटवशील.

नखले बाहेर बाकावरच बसला होता, पायांत माझ्या चपला, हातात वर्तमानपत्र. त्यानं उठून तिला जागा करून दिली. उम्म रबीअनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्यासमोरून सरळ बायकांच्या वॉर्डात गेली.